मोटोजीपीत जिंकतो तो रायडर की त्याच्या गाडीतील संगणक?

घाटवळण

नमस्कार मंडळी.

सप्टेंबर २०२५ मध्ये जपानमधील मोतेगीला स्पॅनिश रायडर मार्क मार्केझने मोटोजीपीचे, म्हणजे दुचाकींच्या जागतिक शर्यतींच्या सर्वोच्च गटाचे, सातवे विश्वविजेतेपद निश्चित केले, त्या दिवसापासून आमच्या घरात एक वाद चालू आहे आणि तो अजून मिटलेला नाही. माझ्या धाकट्या भावाचे म्हणणे असे की, २०१९ नंतर ज्याला विजेतेपद मिळाले नव्हते तो ड्युकाटी या इटालियन कंपनीच्या मुख्य संघात येताच पहिल्याच वर्षी विजेता झाला, म्हणजे जिंकली ती गाडी. मी स्वतः मार्केझचा चाहता आहे, तरीही भावाचे म्हणणे मला सहज खोडून काढता आले नाही.

माझे मत असे झाले आहे की, ट्रॅक्शन कंट्रोल (मागच्या चाकाची घसरण आवरणारे), व्हीली कंट्रोल (पुढचे चाक उचलू न देणारे), इंजिन ब्रेकिंगचे (थ्रॉटल मिटल्यावर इंजिनामुळे गाडी मंदावण्याचे) नियंत्रण आणि शर्यत सुरू होतानाचे लाँच कंट्रोल या सगळ्यांनी मिळून रायडरच्या उजव्या मनगटाचे, म्हणजे थ्रॉटलची मूठ फिरवण्याचे, काम बरेचसे काढून घेतले आहे. २००७ मध्ये इंजिने ९९० सीसीवरून ८०० सीसीवर आली, इंधनाची मर्यादा २१ लिटर झाली, आणि त्यानंतरच्या चार-पाच हंगामांतील अनेक शर्यती मला आगगाडीच्या डब्यांसारख्या एकामागोमाग एक धावणाऱ्या वाटल्या. ज्याचे सॉफ्टवेअर चांगले तो पुढे आणि बाकीचे मागे, असेच ते चित्र होते.

तर प्रश्न असा : ही मदत काढून घेतली, तर विजेते बदलतील का? की तीच माणसे जिंकतील, फक्त अधिक वेळा पडतील? आपले अनुभव आणि मतभेद दोन्ही सविस्तर लिहावेत, ही विनंती.

अभियंता_चाकण

प्रश्न फार चांगला मांडला आहे. मी इंजिन कॅलिब्रेशनच्या क्षेत्रात काम करतो, शर्यतीच्या नव्हे तर रस्त्यावरच्या गाड्यांवर, पण तत्त्व एकच असल्यामुळे थोडे सांगतो.

ट्रॅक्शन कंट्रोल मागच्या चाकाला घसरू देत नाही, ही समजूत सर्वत्र आढळते आणि ती चुकीची आहे. टायरला सर्वाधिक पकड मिळते ती चाक किंचित घसरत असतानाच. शून्य घसरण म्हणजे वेग वाया घालवणे आणि जास्त घसरण म्हणजे टायर जाळणे किंवा पडणे. त्यामुळे सॉफ्टवेअरचे काम घसरण ठरलेल्या मर्यादेत राखण्याचे असते. पुढच्या आणि मागच्या चाकाच्या वेगातील फरक, गाडी किती अंशांत झुकली आहे, कोणता गिअर आहे आणि थ्रॉटल किती उघडला आहे, हे सेकंदाला शेकडो वेळा मोजले जाते. मर्यादा ओलांडली की सर्वांत आधी ठिणगीची वेळ मागे सरकवली जाते, कारण तो सर्वांत जलद उपाय आहे. तेवढ्याने भागले नाही तर एखाद्या सिलिंडरची ठिणगी बंद केली जाते, आणि दरम्यान थ्रॉटलच्या झडपा थोड्या मिटवल्या जातात. वळणातून बाहेर पडताना गाडी तडतडल्यासारखा आवाज करते, तो याच ठिणग्या तोडण्याचा.

आता मुद्द्याची गोष्ट. ही मर्यादा किती ठेवायची, हे संगणक ठरवत नाही. ते रायडर आणि त्याचा इलेक्ट्रॉनिक्सचा अभियंता शुक्रवार आणि शनिवारच्या सरावात ठरवतात, वळणागणिक ठरवतात, आणि रविवारी टायर झिजू लागला की रायडर हँडलवरील बटणाने मॅप (इंजिनाने केव्हा किती जोर द्यावा याचे आधी भरलेले कोष्टक) बदलत जातो. दहाव्या फेरीत कोणता मॅप घ्यावा हा निर्णय त्याचाच असतो, कारण शर्यत चालू असताना गाडीतील आकडे पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या संघाच्या जागेत) थेट पाठवण्यास नियमांनी बंदी आहे आणि पिटमधून गाडीतील मॅपही बदलता येत नाही. म्हणजे मनगटाचे काही काम डोक्याकडे गेले, असे मी म्हणेन.

जुना प्रेक्षक

मी १९९० च्या आसपास या शर्यतींकडे वळलो. तेव्हा आपल्याकडे त्या पाहायला मिळणे दुर्मीळ होते आणि महिन्या-दोन महिन्यांनी हाती येणाऱ्या परदेशी मासिकांवर भूक भागवावी लागे. टू-स्ट्रोक ५०० सीसी गाड्यांच्या त्या काळाबद्दल आज फार हळवेपणाने लिहिले जाते, म्हणून एक आठवण करून द्यावीशी वाटते.

हायसाइड म्हणजे काय, हे त्या काळच्या रायडरांना पुरेपूर ठाऊक होते. वळणातून बाहेर पडताना मागचे चाक घसरते, रायडर घाबरून थ्रॉटल मिटतो, चाकाला अचानक पकड येते आणि गाडी त्याला हवेत भिरकावून देते. ५०० सीसी गाडीची ताकद एका अरुंद टप्प्यात एकदम येत असे, त्यामुळे हा प्रसंग कोणावरही येई. १९९२ मध्ये नेदरलँड्समधील आसन ट्रॅकवर ऑस्ट्रेलियाच्या मिक डूहानचा पाय जवळजवळ कापावा लागणार होता. पुढे १९९४ ते १९९८ अशी सलग पाच विजेतेपदे त्याने त्याच दुखावलेल्या पायाने मिळवली. १९९३ मध्ये मिसानोला वेन रेनी पडला आणि पुन्हा चालू शकला नाही. तो त्या वेळी विजेतेपदाच्या यादीत आघाडीवर होता.

यशाचा विचार करताना हे विसरून चालणार नाही. हंगाम संपेपर्यंत धडधाकट राहणे हीच तेव्हा अर्धी लढाई होती, आणि कित्येक गुणी माणसे केवळ हाडे मोडल्यामुळे विजेत्यांच्या यादीत आली नाहीत. इलेक्ट्रॉनिक्समुळे कोण जिंकतो याच्याइतकेच, कोण शेवटच्या शर्यतीपर्यंत उभा राहतो, हेही बदलले आहे.

घाटवळण

काका, आपला मुद्दा मनापासून मान्य आहे. सुरक्षितता कमी करावी, असे माझे म्हणणे मुळीच नाही. पण डूहानसारखा माणूस पाच वेळा जिंकला तेव्हा तो त्याच्या हाताने जिंकला, याबद्दल कोणाच्या मनात शंका नव्हती. आज ती शंका येते, हे माझे दुखणे आहे.

मृण्मयी_के

या प्रश्नाची एक चाचणी प्रत्यक्ष घडून गेली आहे, तिच्याकडे लक्ष वेधते.

२०१५ पर्यंत मोठे कारखाने स्वतःचे सॉफ्टवेअर वापरत होते. २०१४ पासून सर्वांना मॅग्नेटी मारेल्ली कंपनीचा एकच कंट्रोल युनिट (गाडीतील संगणक) सक्तीचा झाला होता, पण कारखान्यांच्या गाड्यांत त्याच्या आत चालणारे सॉफ्टवेअर ज्याचे त्याचे होते. २०१६ पासून सॉफ्टवेअरही सर्वांना एकच मिळाले, आणि ते कारखान्यांच्या आधीच्या सॉफ्टवेअरपेक्षा बरेच साधे होते. आता निकाल पाहा. २०१५ च्या १८ शर्यती चौघांनीच जिंकल्या : लोरेन्झो, रोसी, मार्केझ आणि पेद्रोसा. २०१६ च्याही १८ शर्यती होत्या, आणि त्या नऊ वेगवेगळ्या रायडरांनी जिंकल्या. ऑस्ट्रियात यानोनेने ड्युकाटीला २०१० नंतरचा पहिला विजय मिळवून दिला आणि सिल्व्हरस्टोनला विन्यालेसने सुझुकीवर बाजी मारली.

वरवर पाहता घाटवळण यांचे म्हणणे सिद्ध झाल्यासारखे वाटते. पण दोन अडचणी आहेत. त्याच वर्षी टायरही बदलले आणि ब्रिजस्टोनच्या जागी मिशेलिन आले. शिवाय आसनला मिलर, ब्रुनोला क्रचलो आणि सेपांगला डोवित्सिओझो हे तिघे ओल्या ट्रॅकवर जिंकले. म्हणून एकूण फरकातील किती भाग सॉफ्टवेअरचा, किती टायरचा आणि किती पावसाचा, हे वेगळे काढणे अवघड आहे.

आणि विजेतेपद कोणाला मिळाले? मार्केझलाच. आपल्या कारखान्याच्या सॉफ्टवेअरवर २०१३ आणि २०१४ मध्ये, सर्वांसाठी एकच सॉफ्टवेअर आल्यावर २०१६ ते २०१९ असे सलग चार वेळा. नवे सॉफ्टवेअर होंडाच्या अभियंत्यांना नवखे होते आणि त्या वर्षाच्या सुरुवातीला ती गाडी वळणातून बाहेर पडताना मागे राहत असे, तरीही. रोजच्या विजेत्यांची यादी रुंदावली, पण शिखरावरचा माणूस तोच राहिला.

कोल्हापुरी माती

मृण्मयीताई, फार मोलाचा मुद्दा मांडलात. शिखरावरचा माणूस तोच का राहतो, याबद्दल माझ्या अनुभवातून लिहितो.

मी काही वर्षे मातीवरच्या शर्यतींत भाग घेतला. कोल्हापूर, पुणे, नाशिक या भागांत या शर्यतींची आवड जुनी आहे, आणि जानेवारी २०२४ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत सुपरक्रॉसची (मातीच्या उंचवट्यांवरून उड्या घेत होणाऱ्या शर्यतींची) लीग झाली तेव्हा आलेली गर्दी अनेकांनी पाहिली असेल. मातीवर गाडी सतत घसरत असते. तेथे घसरणे हा अपघात मानला जात नाही, तीच चालवण्याची पद्धत असते. पहिल्या वर्षी मी प्रत्येक वेळी मागचे चाक निसटले की थ्रॉटल मिटायचो आणि पडायचो. एका वयस्क मेकॅनिकने मला सांगितले की, चाक निसटले की हात आहे तेथेच ठेव, गाडीला तिचे काम करू दे. हे कळायला एक मिनिट लागले आणि अंगात मुरायला दोन हंगाम.

ऑस्ट्रेलियाचा केसी स्टोनर लहानपणापासून मातीवर वाढला. २००७ मध्ये त्याने ड्युकाटीवर दहा शर्यती आणि विजेतेपद जिंकले, तेव्हा अनेकांनी त्याचे श्रेय इलेक्ट्रॉनिक्सला आणि टायरला दिले. घाटवळण यांनीही त्याच वर्षाचा उल्लेख केला आहे. पण तीच गाडी त्या वर्षी अनुभवी लोरिस कापिरोसीकडेही होती, आणि त्याला एकच शर्यत जिंकता आली. २००८ मध्ये मार्को मेलांद्री त्या गाडीवर पहिल्या तिघांत एकदाही आला नाही. २०११ आणि २०१२ मध्ये खुद्द व्हॅलेंटिनो रोसी दोन वर्षे ड्युकाटीवर होता आणि एकही शर्यत जिंकू शकला नाही. संगणक जिंकून देत असता, तर त्याने या तिघांनाही हात दिला असता. स्टोनरसोबत काम केलेल्यांनी तर वारंवार सांगितले आहे की, त्याच्या गाडीवरील ट्रॅक्शन कंट्रोल इतरांपेक्षा कमी ठेवलेले असे.

मार्केझचेही तसेच. २०१२ मध्ये वॅलेन्सियाला मोटो२ च्या, म्हणजे मोटोजीपीच्या खालच्या गटाच्या, शर्यतीत तो दंडामुळे तेहेतिसाव्या जागेवरून निघाला आणि जिंकला, तेही ओलसर ट्रॅकवर. मोटो२ मध्ये ट्रॅक्शन कंट्रोल नसते.

जुना प्रेक्षक

याची उलट बाजूही सांगायला हवी. निकी हेडन हाही मातीवरच वाढलेला, आणि २००६ चा विश्वविजेता. ९९० सीसीच्या गाडीचे मागचे चाक सरकवत वळण घेणे ही त्याची खासियत होती. पुढच्याच वर्षी गाड्या लहान झाल्या, वळणात अधिक वेग राखणे आणि थ्रॉटलचे काम सॉफ्टवेअरवर सोपवणे, अशी शैली फळू लागली. हेडनने २००६ नंतर मोटोजीपीत एकही शर्यत जिंकली नाही. याउलट २५० सीसीच्या मधल्या गटात तयार झालेल्या, अत्यंत सफाईदार लोरेन्झोला तो काळ मानवला. म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स कोणाला वर काढते, याइतकाच ते कोणत्या शैलीला मागे टाकते हाही प्रश्न आहे. हेडनचा तो गुण लोप पावला नव्हता, त्याला किंमत उरली नव्हती. मला त्याचे आजही वाईट वाटते.

नॉर्थहॅम्प्टनकर

गेली बारा वर्षे मी इंग्लंडमध्ये राहतो आणि येथील ब्रिटिश सुपरबाइक मालिकेच्या शर्यती जमेल तेव्हा प्रत्यक्ष जाऊन पाहतो. या चर्चेसाठी यापेक्षा चांगले उदाहरण सापडणार नाही. २०१२ पासून तेथे सर्वांना मोटेक कंपनीचा एकच कंट्रोल युनिट आहे, आणि ट्रॅक्शन कंट्रोल, व्हीली कंट्रोल व लाँच कंट्रोल या तिन्ही गोष्टींना मनाई आहे. दोनशे अश्वशक्तीच्या गाड्या, अरुंद जुने ट्रॅक आणि मधे फक्त रायडरचा हात.

कॅडवेल पार्क नावाच्या ट्रॅकवर ‘माउंटन’ म्हणून ओळखला जाणारा एक चढ आहे. त्याच्या माथ्यावर गाडीचे पुढचे चाक उचलले जाते आणि कधी दोन्ही चाके जमीन सोडतात. तेथे कुंपणापाशी उभे राहिले की प्रत्येक रायडर थ्रॉटल नेमका किती मिटतो, हे कानांनी ओळखता येते. कोणी आधी मिटतो, कोणी अर्धवट, आणि एखादा मागच्या ब्रेकवर हलका पाय ठेवून थ्रॉटल तसाच धरतो. मोटोजीपीत हा फरक ऐकू येत नाही.

आता घाटवळण यांच्या प्रश्नाकडे. ही मदत काढून घेतल्यावर २०१२ ते २०१७ या सहा हंगामांत शेन बर्न चार वेळा विजेता झाला. म्हणजे मदत काढल्याने मैदान सर्वांना खुले झाले असे नाही, उलट जो सर्वांत कसलेला होता त्याची पकड अधिकच घट्ट झाली. २०१९ मध्ये मोटोजीपीत अपयशी ठरलेला स्कॉट रेडिंग येथे आला. आयुष्यातील अनेक वर्षे भरपूर इलेक्ट्रॉनिक्स असलेल्या गाडीवर घालवलेला हा माणूस पहिल्याच वर्षी विजेता झाला. म्हणून ‘मदतीवर वाढलेल्यांना तिच्याशिवाय चालवता येत नाही’ हेही मला पटत नाही.

अभियंता_चाकण

नॉर्थहॅम्प्टनकर, उत्तम माहिती दिलीत. त्यात एकाच गोष्टीची भर घालतो. बर्नची ती चारही विजेतेपदे एकाच संघाकडून आली आणि रेडिंगही २०१९ मध्ये त्याच संघात होता. ट्रॅक्शन कंट्रोल नसले तरी गाडीवर सेन्सर असतात, नोंदी असतात आणि थ्रॉटल व टॉर्क यांचे नाते ठरवणारे मॅप असतात. रायडरने मनगट दहा अंश फिरवले तर इंजिनाने किती जोर द्यावा, हे आधीच ठरवून ठेवता येते. ज्या संघाला त्या नोंदी नीट वाचता येतात, तो मदत नसतानाही पुढेच राहतो.

आणि निव्वळ इलेक्ट्रॉनिक्सने यश मिळत नाही, याचा सर्वांत जुना पुरावा म्हणजे एप्रिलियाची तीन सिलिंडरची ‘क्यूब’. २००२ मध्ये आली तेव्हा तिच्यात तारेऐवजी विद्युत संकेतांनी चालणारा थ्रॉटल होता, ट्रॅक्शन कंट्रोल होते, हवेच्या दाबाने मिटणाऱ्या व्हॉल्व्हचे इंजिन होते. काळाच्या पुढची गाडी होती ती. पण थ्रॉटल आणि मागचे चाक यांच्यातील नाते रायडरला उमगत नव्हते, आणि त्या गाडीला पहिल्या तिघांत एकदाही जागा मिळाली नाही. आमच्या कामातही हेच अनुभवाला येते. आकडे बरोबर असूनही चाचणी घेणारा चालक परत येऊन ‘गाडी माझे ऐकत नाही’ म्हणतो, तेव्हा चूक बहुधा आमचीच निघते.

शुभा

मी या शर्यती नवऱ्यामुळे पाहू लागले आहे, त्यामुळे प्रश्न अगदी प्राथमिक असेल. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस सक्तीचे आहे. माझ्या भावाच्या ३९० सीसीच्या गाडीत तर वळणात चालणारे एबीएसही आहे. मग जगातील सर्वांत वेगवान गाड्यांना ते का नाही?

अभियंता_चाकण

शुभाताई, प्रश्न प्राथमिक नाही, या चर्चेच्या गाभ्याचा आहे. मोटोजीपीच्या नियमांनी एबीएसला बंदी आहे. तांत्रिक अडचणही मोठी आहे : जोरात ब्रेक लावताना या गाड्यांचे मागचे चाक बहुतेक वेळा जमिनीला जेमतेम टेकलेले किंवा हवेत असते, त्यामुळे गाडीचा खरा वेग किती हे चाकांवरून समजत नाही. रस्त्यावरच्या एबीएसचे काम चाक लॉक न होऊ देण्याचे असते. शर्यतीत रायडर पुढचे चाक लॉक होण्याच्या काठावर धरून वळणात शिरतो, आणि तो काठ टायर तापण्याबरोबर दर फेरीला हलत असतो.

म्हणून आजच्या मोटोजीपीत सर्वांत मोठा फरक ब्रेक लावताना पडतो. वळणातून बाहेर पडताना सर्वांना साधारण सारखी मदत असते, वळणात शिरताना पुढच्या ब्रेकवर फक्त दोन बोटे असतात. मार्केझ पुढचे चाक निसटल्यावर कोपराने आणि गुडघ्याने गाडी उचलून धरतो, तो क्षण आठवा. ते कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये नाही.

तिसरा गिअर

२०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतातील पहिली मोटोजीपी झाली तेव्हा मी प्रेक्षकांत होतो. टीव्हीवर जे जाणवत नाही ते तेथे जाणवले. लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी ब्रेक लावण्याच्या जागी प्रत्येक रायडर वेगळा दिसतो. कोणाची गाडी सरळ रेषेत थांबते, कोणाचे मागचे चाक आडवे होत येते, कोणी खूप उशिरा ब्रेक लावून वळणात रुंद जातो. बेझेक्की त्या दिवशी सर्वांना बरेच मागे टाकून जिंकला, आणि बन्याया पडला. दोघेही ड्युकाटीवर होते आणि दोघांना सॉफ्टवेअर तेच होते. अभियंता_चाकण यांचा मुद्दा मला तेथे उघड्या डोळ्यांनी दिसला होता, शब्द आज मिळाले.

जुना प्रेक्षक

बन्यायाचे नाव निघाले, म्हणून आपल्या महाराष्ट्राशी जोडलेली एक गोष्ट नोंदवतो. मुंबईच्या महिंद्रने मोटो३ या सर्वांत लहान गटात काही वर्षे संघ उतरवला होता. २०१६ मध्ये आसनला महिंद्रला जागतिक स्पर्धेतील पहिला विजय मिळाला, आणि तो मिळवून देणारा तरुण म्हणजे हाच फ्रान्चेस्को बन्याया, जो पुढे २०२२ आणि २०२३ मध्ये मोटोजीपीचा विश्वविजेता झाला. मोटो३ मध्ये सर्वांना डेलॉर्टोचा एकच कंट्रोल युनिट असतो आणि इंजिनाच्या फेऱ्यांवर मर्यादा असते. होंडा आणि केटीएम यांच्यासमोर महिंद्रसारखा नवखा उत्पादक टिकला, त्यामागे हा नियम निश्चित होता असे मला वाटते. सॉफ्टवेअरची स्पर्धा खुली असती, तर तो खर्च झेपला नसता. तो विजय झाला त्या संध्याकाळी मी घरात पेढे वाटले होते.

मृण्मयी_के

काका, पेढ्यांची गोष्ट वाचून आनंद झाला. खर्चाचा मुद्दाही अगदी योग्य आहे. पण एकच सॉफ्टवेअर असले की बरोबरी येते, असा निष्कर्ष काढू नये. २०२४ मध्ये सर्वांचे सॉफ्टवेअर एकच होते, आणि तरीही २० पैकी १९ शर्यती ड्युकाटीने जिंकल्या. उरलेली एक ऑस्टिनला एप्रिलियावर विन्यालेसने. सॉफ्टवेअर समान झाल्यावर कारखान्यांनी आपली बुद्धी दुसरीकडे वळवली : गाडीवरचे पंख, आणि वळणातून बाहेर पडताना मागची बाजू खाली बसवणारे यंत्र. गाडी खाली बसली की पुढचे चाक उचलले जात नाही, मग व्हीली कंट्रोलने इंजिनाचा जोर कापण्याची गरजच कमी होते. हे यंत्र विद्युत चालत नाही, नियमांमुळे ते पूर्णपणे यांत्रिक आहे. पण काम तेच करते, आणि ड्युकाटीने ते सर्वांच्या आधी आणले. २०२७ पासून इंजिने ८५० सीसीची होतील आणि या यंत्रांवर बंदी येईल, तेव्हा हा हिशेब पुन्हा मांडावा लागेल.

घाटवळण

मृण्मयीताई, म्हणजे एक दार बंद केले की पैसा दुसऱ्या दाराने आत येतो, असेच ना? मग रायडरचा वाटा वाढणार तरी कधी?

तिसरा गिअर

एका वेगळ्या प्रकारच्या इलेक्ट्रॉनिक्सचा उल्लेख अजून कोणी केलेला नाही. पुढच्या टायरमधील हवेचा दाब ठरावीक मर्यादेखाली गेला, तर रायडरला दंड होतो. २०२५ मध्ये कतारला विन्यालेस दुसरा आला होता, पण या नियमामुळे त्याला १६ सेकंदांचा दंड झाला आणि तो चौदावा ठरला. त्याच वर्षी थायलंडमधील बुरीरामला मार्केझ आघाडीवर असताना मुद्दाम मंदावला, भाऊ अॅलेक्सच्या मागे कित्येक फेऱ्या राहिला, कारण पुढच्या गाडीच्या गरम हवेत टायर तापतो आणि दाब वाढतो. दाब पुरेसा झाल्यावर त्याने पुन्हा पुढे जाऊन शर्यत जिंकली. सेन्सरने त्याला अडचण सांगितली, उत्तर त्याने स्वतः शोधले. मी ती शर्यत पाहताना आधी गोंधळलो होतो. नंतर कारण कळल्यावर ती पुन्हा पूर्ण पाहिली.

कोल्हापुरी माती

घाटवळण यांना रायडरचा वाटा कधी वाढणार, असे वाटते. मला वाटते तो कधी कमी झालाच नव्हता, आपल्याला दिसेनासा झाला होता. मदत असूनही माणसे हवेत फेकली जातातच. २०२० मध्ये स्पेनमधील हेरेथला मार्केझ हायसाइड होऊन पडला, उजव्या दंडाचे हाड मोडले आणि पुढची चार वर्षे त्याची त्यातच गेली. त्याच्या गाडीवर तेव्हाही ट्रॅक्शन कंट्रोल होते. २०२५ च्या ऑस्ट्रियाच्या शर्यतीपासून सर्वांसाठी स्थिरता राखणारी आणखी एक प्रणाली उपलब्ध झाली, ती याच धोक्यासाठी. मला स्वतःला तिचे स्वागत करावेसे वाटते. मी दोन वेळा गळ्याजवळचे हाड मोडून घेतले आहे, आणि त्यातून मी अधिक चांगला रायडर झालो असे मला कधीही वाटले नाही.

नॉर्थहॅम्प्टनकर

येथे मी नम्रपणे असहमत आहे. सुरक्षिततेसाठीची मदत आणि वेग वाढवणारी मदत यांच्यात रेषा आखता येते, आणि ती आखावी. हायसाइडच्या क्षणी जोर कापणारी प्रणाली जरूर असावी. पण वळणागणिक वेगवेगळा टॉर्क देणारे मॅप हे कोणत्याही सुरक्षिततेसाठी नसतात, ते वेगासाठी असतात. त्यांनी टायर वाचतो, आणि टायर वाचवणे ही पूर्वी रायडरची कला होती. ब्रिटिश मालिकेत शेवटच्या पाच फेऱ्यांत जो मागून येतो, तो ती कला घेऊन येतो.

अभियंता_चाकण

ही रेषा आखणे कागदावर सोपे आहे, सॉफ्टवेअरमध्ये कठीण. वळणागणिक टॉर्क मर्यादित करणारा मॅपच हायसाइड होण्याची वेळ येऊ देत नाही. एकाच ओळीतून दोन्ही कामे होतात. तरीही आपली भूमिका मला चुकीची वाटत नाही. वळणानुसार मॅप बदलण्याची सोय काढून सर्व वळणांना एकच मर्यादा ठेवली, तर संरक्षण बरेचसे राहील आणि बारीक काम पुन्हा हाताकडे येईल. असा नियम आला तर त्याचे मी स्वागत करेन.

घाटवळण

सर्वांचे मनापासून आभार. कालची संपूर्ण चर्चा भावाला वाचून दाखवली.

माझ्या मूळ विधानातील एक भाग मी मागे घेतो. २००७ नंतरचे सगळे चित्र सॉफ्टवेअरचे म्हणताना स्टोनरचे त्या वर्षीचे यशही मी नकळत संगणकाच्या खात्यावर टाकले होते, कापिरोसी, मेलांद्री आणि रोसी यांचे निकाल समोर ठेवल्यावर ते अन्यायाचे होते हे मान्य करतो. ब्रिटिश मालिकेचे उदाहरण मला सर्वांत जड गेले, कारण मदत काढल्यावर नवे विजेते येतील अशी माझी खात्री होती. विश्वविजेते बहुधा बदलणार नाहीत, हे आता मला पटले आहे.

पण हेडनबद्दल जुना प्रेक्षक काकांनी जे लिहिले, त्यावर मी ठाम आहे. शिखरावरचा माणूस तोच राहिला तरी पाचव्या आणि दहाव्या क्रमांकावर कोण येतो, कोणाला पुढच्या वर्षी करार मिळतो, कोणत्या शैलीचा मुलगा लहान गटांतून वर घेतला जातो, हे मात्र इलेक्ट्रॉनिक्स ठरवते. तेथे झालेले नुकसान विजेत्यांच्या यादीत दिसत नाही.

भावाने एकच प्रश्न विचारला आहे, तो येथे ठेवतो. मार्केझ २०२४ मध्ये ड्युकाटीच्या दुय्यम संघात आदल्या वर्षीच्या गाडीवर होता आणि तरीही तीन शर्यती जिंकला. तीच जुनी गाडी त्या हंगामात आणखी तिघांकडे होती, आणि त्यांना एकही जिंकता आली नाही. त्या चौघांचे थ्रॉटलचे आलेख एकमेकांवर ठेवून पाहता आले, तर फरक वळणात शिरताना दिसेल की बाहेर पडताना?

अभियंता_चाकण

शिरताना. माझा अंदाज असा की, ब्रेक सोडण्याची रेघ त्याची सर्वांत लांब आणि सर्वांत उशिरा संपणारी असेल, आणि थ्रॉटलची रेघ चौघांची जवळजवळ सारखी. २०२७ पासून प्रत्येक सत्रानंतर सर्व रायडरांची जीपीएसची माहिती सर्व संघांना मिळणार आहे. त्यात ब्रेकचा दाब नसेल, पण वेग कोठे आणि कसा उतरला हे असेल. त्यातला थोडा भाग जरी प्रेक्षकांपर्यंत पोहोचला, तरी आपल्या भावाचा प्रश्न घेऊन मी याच धाग्यावर परत येतो.